बिननशेची भांग

रझिया, तू गेल्यानंतरच्या चाळिसाव्याला केलेला डाळ-मटणाचा दालचा छान झाला होता. दुसऱ्या कुणाच्या हातचा दालचा तुला कधी पसंत पडला नाही, म्हणून मुद्दाम सांगते. तुझ्या जावेनं केला होता. चिंच जरा जास्त पडली होती, पण मी दोनदा वाढून घेतला. शेजारी बसलेल्या बाईनं विचारलं, "आप रझिया की कौन?" मी म्हटलं, बरोबर काम करायचो. "अच्छा, वो काम," असं म्हणून ती ओढणीआड हसली. तुझ्याच घरात, त्या दिवशीसुद्धा! तिला चार शब्द ऐकवायचे होते, पण माझ्या तोंडात घास होता.

ते काम काय होतं हे तू जन्मभर लोकांना समजावत राहिलीस, आता ती वेळ माझ्यावर आली आहे. आपल्या संस्थेच्या मागं, तारेच्या कुंपणात, सरकारी परवानगीनं आणि कुलपाआड तू भांग लावायचीस. नाल्याकाठची, घाटातली रानटी भांग आणायची, उत्तरेच्या डोंगराळ भागातून मागवलेल्या वाखाच्या वाणाशी तिचा संकर करायचा आणि पिढीमागून पिढी तिची नशा उतरवत न्यायची. शेवटी असं झाड हाती यावं की त्याच्या सालीचा वाख निघेल, बियांची चटणी होईल, तेल निघेल, आणि चिलमीत भरणाऱ्याला मात्र खोकल्याशिवाय काही मिळणार नाही. झाडं तुझी आणि मोजणी माझी. तू पानं आणून माझ्या टेबलावर ठेवायचीस, मी ती वाळवून, कुटून, यंत्रात घालून सांगायचे की ह्यात नशा किती. आणि मी आकडा सांगितला की आपलं भांडण सुरू व्हायचं.

हे वेड तुला लागलं वेरूळला. तिथल्या लेण्यांच्या गिलाव्यात भांगेचा भुसा मिसळलाय असं तुला कुणीतरी सांगितलं, आणि सुट्टीच्या दिवशी तू मला ओढत तिथं नेलंस. सगळे लोक माना वर करून मूर्ती बघत होते आणि तू भिंतीला नाक लावून उभी. पहारेकरी धावत आला.

"ओ बाई, हात नाय लावायचा."

"हात कहाँ लगाया भाऊ, वास घेतेय."

"वास बी नाय घ्यायचा," तो म्हणाला, आणि मग त्याला स्वतःलाच हसू आलं.

येताना एसटीत तू सारखी बोलत होतीस. इतकी शतकं हा गिलावा किड्यांनी खाल्ला नाही, ओलीनं पडला नाही. ज्या लोकांनी तो कालवला त्यांनी ह्या झाडात काय काय पाहिलं असेल, आणि आपण बघतो ती नुसती नशा. मला त्या वेळी प्रचंड भूक लागली होती, एवढंच मला आठवतं. तुझ्यासारखी उत्सुकता मला जन्मजात नव्हती. ती मला तुझ्या संगतीनं, उशिरा आणि थोडी थोडी लागली, आणि त्याबद्दल मी तुला कधी धन्यवाद म्हटलं नाही. आपल्यात ती पद्धतच नव्हती.

भांडण मात्र एकच होतं आणि ते कधी मिटलं नाही. तू म्हणायचीस, नशा बीजात असते. मी म्हणायचे, उन्हात. आपल्या मराठवाड्याचं ऊन असं की त्यात माणसाचंही डोकं फिरतं, झाडाचं का फिरणार नाही? पाणी कमी पडलं, तलखी वाढली की झाड स्वतःला सांभाळायला चीक जास्त धरणार, हे माझं म्हणणं. "मंदा, तू ना हर बात में ऊन घुसाती," असं म्हणून तू माझा डबा उघडायचीस आणि भाजी तुझ्या पोळीवर घ्यायचीस. "खाण तशी माती गं. माती बदलली तरी खाण कहाँ जाती?" मी म्हणायचे, म्हण चुकीच्या जागी लावलीस. तू म्हणायचीस, म्हणी तुमच्या, वापर आमचा.

अजिंठ्याची ती फेरी आठवते का? घाटाच्या पायथ्याशी तुला हवी तशी मरतुकडी, फिकट भांग सापडली आणि तू मुळासकट झाडं उपटून ओल्या पोत्यात बांधलीस. आपण दोघी चाळिशी उलटलेल्या बायका, हातात परवानगीचा कागद आणि पायाशी घमघमणारं पोतं. शेजारच्या सीटवरच्या म्हाताऱ्यानं दोनदा नाक वर केलं.

"बाई, म्हादेवाचा परसाद हाय व्हय?"

"नाही बाबा, अभ्यासाचा आहे," तू म्हणालीस.

"आस्सं. आमच्या टायमाला असला अभ्यास नव्हता बगा. नायतर म्या बी शिकलो असतो."

अख्खी बस हसली. तू तर डोळे पुसत हसलीस. आणि मग उतरेपर्यंत त्या म्हाताऱ्याला विचारत बसलीस की तुमच्याकडं ही कुठं कुठं उगवते, जास्त चढणारी कुठली, कमी चढणारी कुठली. तो सांगत गेला आणि तू ऐकत गेलीस. मला मात्र सारखं वाटत होतं, पुढच्या थांब्यावर पोलीस चढणार.

आता तुझ्या धाग्यांबद्दल. प्लॅस्टिकच्या पट्ट्या उन्हानं तडकतात, कागदाच्या चिठ्ठ्या उंदीर खातात, म्हणून तू झाडांना धागे बांधायचीस. तुझे अब्बा हिमरू विणायचे. त्यांच्या मागावरचं उरलेलं रेशीम तुझ्याकडं डबाभर होतं. चिकलठाण्याच्या नाल्याकाठची जहाल भांग आणि तिची लेकरं, त्यांना डाळिंबी धागा. अजिंठ्याची सौम्य भांग आणि वाखाचा वाण ह्यांच्या संकराला प्याजी, म्हणजे कांद्याच्या सालीसारखा फिकट गुलाबी. मी म्हटलं होतं, जहाल कशाला वाढवतेस, उपटून टाक. तू म्हणालीस, घटली हे कळायला न घटलेली पण समोर पाहिजे. बी धरलं की तू झाडाचा धागा सोडत नव्हतीस. विणकराच्या घरात गाठ कापतात, सोडत नाहीत. सोडली तर बरकत सुटते, असं अब्बांनी शिकवलेलं. म्हणून तू गाठीसकट देठाचा तुकडा कापायचीस आणि त्या झाडाच्या बियांबरोबर पिशवीत टाकायचीस. पेरणीला तीच पिशवी ओळीच्या टोकाला काठीवर अडकवायची, की ही ओळ अमक्या आईची.

सगळं चोख होतं. तरी गेली काही वर्षं आकडे नीट येईनात. प्याजी धाग्याच्या आईची लेकरं मधेच जहाल निघायची, डाळिंबीची मधेच अगदी मवाळ. मला तर आयतंच कोलीत मिळालं. "बघ, ऊन!" मी म्हणायचे. तू स्टूल घेऊन त्या झाडांसमोर बसून राहायचीस, पानं खालून बघायचीस, वरून बघायचीस. परवानगी देणाऱ्या समितीनं सांगून ठेवलं होतं की ह्या हंगामात एक तरी ओळ सगळीच्या सगळी नशेच्या सरकारी मर्यादेखाली आली नाही, तर परवानगी संपेल आणि बी जाळावं लागेल. तू त्यावर एवढंच म्हणालीस, "जाळायचं तर जाळू, पर पहले समझने तो दो." पेरणी करून, उगवण बघून, श्रावणात तू गेलीस.

मला वाईट वाटलं, असं लिहिलं तर ते खोटं होईल. मला राग आला. झाडं फुलोऱ्यावर यायची होती आणि तू निघून गेलीस, हा काय प्रकार झाला? रोज मधल्या सुट्टीत मी डबा उघडायचे आणि भाजी उरायची. शेवटी मी भाजी कमी आणायला लागले, आणि त्या दिवशी प्रयोगशाळेत दार लावून रडले.

चाळिसाव्याच्या आधी युसूफभाईंचा फोन आला. तुझे हे मियाँ किती संकोची आहेत, ते तुला काय सांगायचं. "मंदाबाई, उधर उसके अब्बा का रेशीम होंगा ना, थोडा? घर में रखता मैं." डब्यातलं रेशीम तर संपलं होतं. म्हणून मी तुझ्या ओळींच्या पिशव्या काढल्या आणि देठांवरचे धागे मिळतात का ते बघायला बसले. सगळे धागे जवळजवळ एकाच रंगाचे, जुन्या कांद्याच्या सालीसारखे. मी काही विणकराच्या घरची नाही. मी गंगापूरच्या शेतकऱ्याची लेक, गाठ दिसली की सोडते. सुई घेऊन पहिली गाठ सोडली, आणि आतून डाळिंबी रंग निघाला.

मी ती पिशवी उलटून पाहिली. ती तुझ्या प्याजी ओळीची होती.

काय झालं होतं ते माझ्या ध्यानात यायला अंमळ वेळ लागला. आपल्या उन्हात महिनोन्‌महिने राहून डाळिंबी रेशीम उडून उडून प्याजी झालं होतं आणि प्याजी होतं ते आणखी फिकं. गाठीच्या आत ऊन पोचलं नव्हतं, तिथं मूळ रंग जसाच्या तसा. तू पेरणीला रंग नजरेनं ओळखायचीस. विणकराची पोर, तुला कोण विचारणार? मीही विचारलं नाही. "रंग मेरेकू मत सिखाओ" हे तुझं ठरलेलं वाक्य होतं. तुझे आकडे उन्हानंच बिघडवले होते रझिया, पण झाडाचे नव्हे, धाग्याचे. मी एकटीच हसत सुटले. शिपाई येऊन बघून गेला.

मग मी सगळ्या गाठी सोडल्या. बरकत सुटली असेल तर ती माझ्या माथी. खरे रंग घेऊन कुठली ओळ कुठल्या आईची ते पुन्हा ठरवलं आणि फुलोरा आल्यावर प्रत्येक झाडाची पानं तपासली. यंत्राच्या कागदावर नशेचं शिखर वर येईल म्हणून मी बघत बसायचे आणि तुझ्या खऱ्या प्याजी ओळींत शिखर येईचना. नुसती मर्यादेला टेकणारी टेकाडं, आणि एका ओळीत तीही नाहीत. त्याच उन्हात, त्याच मातीत, शेजारची डाळिंबी ओळ जहालच्या जहाल. हातच्या काकणाला आरसा कशाला? तुझंच बरोबर होतं. हे मी मोठ्यानं म्हटलं, रिकाम्या खोलीत, आणि अजिबात समाधान झालं नाही. हरल्याची मजाही समोरचं माणूस असेल तरच येते.

एवढ्यावर संपलं असतं तर हे लिहायला मला सोपं गेलं असतं.

त्याच, तुझ्या सगळ्यात चांगल्या ओळीत, मधोमध, एक झाड आहे. दिसायला इतरांसारखंच. मी त्याची पानं तपासली आणि शिखर असं वर गेलं की मला वाटलं, नमुन्यांची अदलाबदल झाली. पुन्हा तपासलं. वेगळ्या फांदीची पानं घेतली. तेच. ओळीच्या पिशवीतला धागा पुन्हा बघितला, गाठीच्या आतला रंग प्याजीच. आईच्या फुलांना तू बांधलेल्या पिशव्या आठवल्या, बाहेरच्या परागाचा एक कण आत जाऊ नये म्हणून दुहेरी शिवलेल्या. मग बाहेरचा बाप आला कुठून? आला नसेल तर मग आजी-पणजीचं काही लपून राहिलं होतं का, जे एकाच लेकरात वर आलं? की पेरताना एखादं बी चुकून पडलं? की माझं ऊनच, पण मग ते ह्या एकालाच कसं लागलं? बघ, मी तुझ्यासारखी बोलायला लागले. एके दुपारी मी स्टूल घेऊन त्याच्यासमोर बसले आणि पानं खालून बघितली. खालून काय दिसतं ते तू मला कधी सांगितलंच नाहीस.

आपल्या साहेबांना मी सगळं दाखवलं. ते तुझ्याबद्दल खरंच हळहळत होते. म्हणाले, "मॅडम, एका झाडाचं काय घेऊन बसलात? उपटून टाका. ओळ मर्यादेखाली आहे असं लिहा, वाण पुढं जाईल आणि रझिया मॅडमचं नाव लागेल. त्यांच्यासाठी एवढं तर करू." मला मोह झाला, रझिया. तुझ्या नावाचं बियाणं, पिशवीवर छापलेलं. त्या ओढणीआड हसणाऱ्या बाईच्या हातात एक पिशवी द्यायची, एवढीच माझी इच्छा होती. युसूफभाईंच्या कानावर तर ते गेलंसुद्धा होतं. त्यांनी दुकानात दोघातिघांना सांगितलंही.

पण गंगापूरला माझा भाऊ आहे. दर दिवाळीला तो मला विचारतो, "ताई, ती तुमची बिननशेची भांग कवा येती? कपाशीच्या कडंनं लावून बगतो की." तो लावेल. आणि त्याच्या रानात असं एक झाड निघालं, कुणी तपासलं, तर बेड्या त्याला पडतील, मला किंवा साहेबांना नाही. मी अहवालात ते झाड लिहिलं. कारण कळलेलं नाही, असंही लिहिलं. एवढं एक झाड सोडता ओळ साफ होती आणि आकड्यांचा घोळ उलगडला होता, म्हणून बी जाळायचं टळलं आणि परवानगी वाढवायचं समितीनं मान्य केलं. मात्र वाण पुढं गेला नाही, आणि तुझं नाव लागलं नाही.

हे सांगायला मी शहागंजात तुमच्या दुकानी गेले. युसूफभाई गिऱ्हाइकाला कापड मोजून देत होते. गिऱ्हाईक जाईपर्यंत मी थांबले, मग सांगितलं.

"एक झाड के वास्ते?" ते म्हणाले.

"हो."

"मंदाबाई, इत्ते साल लोगां मेरेकू गांजेवाली का मियाँ बोले. मुँह पे बोले. मैं उसकू घर में कभी बताया नहीं. एक नाम लग जाता तो सबके मुँह बंद होते."

हे मला माहीत नव्हतं. तुला माहीत होतं का? मी भावाचं सांगितलं, बेड्यांचं सांगितलं. ते कापडाची घडी घालत राहिले, घातलेली मोडून परत घालत राहिले. शेवटी "चाय पी के जाओ" म्हणाले. स्वतः प्यायले नाहीत. मी निघाले तेव्हा वाटलं, आता हे दार आपल्याला बंद झालं.

शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतर ते संस्थेच्या फाटकावर उभे होते. पांढरा सदरा, टोपी, हातात हेल्मेट. तू इथं इतकी वर्षं होतीस आणि चौकीदार त्यांना ओळखत नव्हता, कारण ते कधी आलेच नव्हते. मी कुलूप काढलं. कुठलं पान अंगाला लागू नये म्हणून हात पाठीमागं बांधून ते ओळीतून चालले. झाडाशी मी थांबले.

"यहीच?"

"हेच."

त्यांनी ते बघितलं. मग शेजारचं बघितलं, पलीकडचं बघितलं, परत ह्याच्याकडं आले.

"दिखते तो सब सरीके. माँ एक?"

"आई एक."

"बाप?"

"बापही एकच. फुलांना पिशव्या बांधल्या होत्या तिनं."

"फिर ये ऐसा कायकू हुआ?"

मी म्हटलं, माहीत नाही. त्यांनी पांढऱ्या पायजम्याची पर्वा न करता मातीत बैठक मारली आणि एक पान दोन बोटांत धरून खालून बघायला लागले. किती तरी वेळ बघत राहिले. 

"मैं उसकू एक बार भी पूछा नहीं," ते म्हणाले. "रोज शाम कू आती थी, हाथ हरे. मैं बोलता था, हाथ धो के आ."

आता त्यांचा रोज दुपारी फोन येतो. झाड कैसा है, बीज कब पकता, बोयेंगे तो कहाँ बोयेंगे. मी सांगते, दिवाळीनंतर पकेल, जूनमध्ये लावू. माझ्याजवळ सांगण्यासारखं थोडंच असतं, तरी फोन लवकर कुणीच ठेवत नाही. रझिया, चांगले प्रश्न विचारतात गं ते. तू असताना विचारायला हवे होते.